पावसाळ्यात सडलेले अडेनियम : जळगाव जिल्ह्यातल्या एका नर्सरीचे प्रकरण

पार्श्वभूमी

तापीकाठच्या केळीपट्ट्यातली ही एक छोटी नर्सरी. मालकांना इथे नाना म्हणू. खानदेशात गल्लीगल्लीत एक नाना असतोच, त्यामुळे ओळख उघडी पडायची भीती नाही. नर्सरीचा मुख्य धंदा भाजीपाल्याची रोपे, लिंबू, सीताफळ आणि लग्नसराईत कुंड्या भाड्याने देणे. अडेनियम, म्हणजे ज्याला लोक डेझर्ट रोज म्हणतात, ते त्यांनी पहिल्यांदाच मोठ्या संख्येने आणले होते.

फेब्रुवारीत ३०० कलमी रोपे घेतली, दर १४० रुपये. खाली फुगीर बुंध्याचे बीजरोप आणि वर रंगीत जातीचे कलम. रोपे कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, पिशव्यांत आली आणि ती ८ इंची प्लॅस्टिक कुंड्यांत लावली. मिश्रण नेहमीचेच : एक भाग काळी माती, एक भाग तापीची वाळू, एक भाग शेणखत. याच मिश्रणात नानांची जास्वंद, मोगरा आणि क्रोटन वर्षानुवर्षे चालत आले आहेत. वर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट, खाली जमिनीवर काळी तणरोधक चादर आणि तिच्यावर कुंड्या ठेवलेल्या.

उन्हाळा झकास गेला. पारा ४३-४४ अंशांवर असताना बाकीची रोपे माना टाकत होती आणि अडेनियम फुलांनी लगडले होते. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, ३५० रुपये दराने ६० कुंड्या विकल्या गेल्या. गुंतवलेल्या ४२,००० पैकी २१,००० हातात आले. उरल्या २४० कुंड्या.

घोळाचे मूळ या उन्हाळ्यातच आहे. काळी माती आणि बारीक वाळूचे मिश्रण एप्रिल-मेमध्ये रोज पाणी घालूनही संध्याकाळपर्यंत सुकत होते, कारण ऊनच तसे होते. मिश्रण चांगले आहे असा समज त्यातून झाला. खरे तर त्या दोन महिन्यांत कुठल्याही मिश्रणाची परीक्षा होत नाही.

अडचण

मृगाच्या सरींनी काही बिघडले नाही. पाऊस पडायचा, दुसऱ्या दिवशी ऊन निघायचे. जुलैच्या मध्यावर झड लागली आणि सहा दिवस सूर्यदर्शन नाही. दिवसाचे तापमान २८ अंशांच्या वर गेले नाही, वारा पडलेला, भुरभुर थांबेना. शेडनेटमधून पाणी गळतच होते.

तिसऱ्या दिवशी खालची पाने पिवळी पडून गळू लागली. पावसाळ्यात अडेनियमची काही पाने पिवळी पडतातच, म्हणून कोणी लक्ष दिले नाही. चौथ्या दिवशी एका कुंडीतले रोप जमिनीच्या रेषेवरून अलगद कलंडले. हात लावला तर बुंध्याची साल सुटून बोटाला चिकटली, आत तपकिरी लगदा आणि नासक्या बटाट्याचा वास.

नानांनी त्याच संध्याकाळी घरात होते ते कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक घेतले, लिटरला २ ग्रॅम, आणि प्रत्येक कुंडीत २०० मिली ओतले. कपाशी आणि केळीच्या भागात हे औषध प्रत्येकाच्या कपाटात असते, त्यामुळे हात आधी तिकडेच जातो. यात दोन गोष्टी उलट गेल्या. ओल्या मातीत असे मुळे आणि बुंधा झपाट्याने सडवणाऱ्या बुरशीसारख्या रोगजंतूंत पिथियम आणि फायटोफ्थोरा ही नेहमीची नावे, आणि त्यांच्यावर कार्बेन्डाझिम चालत नाही. दुसरे म्हणजे, आधीच निथळत नसलेल्या २४० कुंड्यांत आणखी ४८ लिटर पाणी गेले. पुढच्या दोन दिवसांत मऊ पडलेल्या रोपांची संख्या वाढतच गेली.

झाड मूळचे कुठले, हे इथे पाहायला हवे. ॲडेनियम ओबेसम ही जात आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यात सेनेगलपासून सोमालिया-केनियापर्यंत आणि पुढे अरबस्तानच्या दक्षिण भागात वाढते. कुटुंब कण्हेर आणि देवचाफ्याचे. वाळू, खडक, उतार ही त्याची जागा. पण 'वाळवंटी झाड, पाणी नकोच' हे अर्धे खरे आहे. तिथेही पाऊस बहुतेक ठिकाणी उष्ण महिन्यांतच पडतो आणि झाड त्याच काळात वाढते. ते भरपूर पाणी पिते, फक्त ते पाणी मुळांजवळ थांबत नाही. जळगावचा वर्षाचा ७०० मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस या झाडाला मारत नाही. मारते ते ढगाळ हवेत आठवडाभर भिजून राहिलेले, हवा नसलेले मिश्रण. काळ्या मातीतला चिकणमातीचा अंश पाण्याने फुगतो, वाळूच्या कणांमधल्या फटी बुजवतो आणि मुळांचा श्वास कोंडतो. आधी गुदमरून मेलेली बारीक मुळे, मग त्यांतून शिरणारी बुरशी, हा क्रम.

समोरचे पर्याय

सातव्या दिवशी पाऊस थोडा ओसरला आणि चार पर्याय मांडले गेले.

पहिला : जी रोपे चांगली दिसतात ती पडेल भावात विकून मोकळे व्हायचे. नानांच्या मुलाचा कल इकडे होता. हा पर्याय बाद झाला तो व्यवहारामुळेच. मुळापासून चढणारी सड बाहेर दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. गिऱ्हाइकाच्या ओट्यावर रोप कोसळले की ते नर्सरीचे नाव घेऊनच कोसळते.

दुसरा : योग्य बुरशीनाशक ओतून वाट पाहणे. मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेबचे मिश्र औषध पिथियम-फायटोफ्थोरावर चालते, पण ओल्या कुंडीत पुन्हा द्रावण ओतणे आलेच. शिवाय जे रोप आतून लगदा झाले आहे त्याला कुठलेच औषध परत आणत नाही.

तिसरा : सगळ्या २४० कुंड्या उपटून नवे मिश्रण भरणे. तत्त्वतः सर्वांत बरोबर. अडचण मजुरांची आणि मालाची. नवे मिश्रण तयार नव्हते आणि कानबाईचा, म्हणजे खानदेशातल्या श्रावणातल्या देवीचा, उत्सव तोंडावर आलेला, म्हणजे कामावरच्या दोघी बायका आठवडाभर तरी यायच्या नाहीत. निरोगी मुळे दमट हवेत उपटली तर तुटलेल्या टोकांतून नवी सड शिरण्याचा धोकाही होता.

चौथा, जो निवडला : आधी रोपे वेगळी करायची, फक्त बिघडलेली उपटायची आणि निरोगी रोपे छताखाली कोरडी ठेवायची.

काय केले

प्रतवारी अंगठ्याने केली. बुंधा मातीच्या रेषेशी चारही बाजूंनी दाबायचा. इथे एक फरक हाताला कळला पाहिजे : तहानलेला बुंधाही मऊ लागतो, पण सगळीकडे सारखा, जरा रबरासारखा, आणि त्याची साल जागेवर घट्ट असते. सडलेला बुंधा एका जागी मऊ असतो, अंगठा आत जातो, साल सरकते, रंग काळपट झालेला असतो. शंका आली तर नखाने साल खरवडायची. खाली हिरवी आणि मग पांढरी रेघ दिसली तर ठीक, तपकिरी दिसली तर गेले. सोबत कुंडी उचलून वजनही पाहिले, कारण पाने गळलेली आणि कुंडी जड म्हणजे मुळे पाणी ओढत नाहीत.

फांद्यांना लोकरीचे धागे बांधले. हिरवा धागा, टणक : १५१. पिवळा, बुंधा टणक पण निम्म्याहून जास्त पाने गळलेली आणि मातीजवळ साल काळवंडलेली : ५८. लाल, अंगठा आत जाणारी : ३१.

हिरवी रोपे. शेडनेटवर पारदर्शक पॉलिथिन ओढले, बाजू उघड्या ठेवल्या, प्रत्येक कुंडी दोन विटांवर चढवली. जमिनीला चिकटलेल्या कुंडीची भोके चादरीवरच्या चिखलाने बंद झालेली असतात, हे कुंड्या उचलल्यावर दिसले. पाणी पूर्ण बंद. मिश्रण मात्र जुनेच राहिले.

पिवळी रोपे. सगळी उपटून मुळे पाण्याने धुतली. २२ रोपांत फक्त बारीक मुळांची टोके तपकिरी होती. ती कापली, रोपे चार दिवस सावलीत आडवी ठेवली आणि नव्या मिश्रणात लावली. उरलेल्या ३६ मध्ये सड बुंध्यात शिरली होती, तिथे चाकू चालवावा लागला.

चाकूचे काम सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण बहुतेक जण इथेच रोप घालवतात. खालून ३-४ मिलिमीटर जाडीच्या चकत्या काढत वर जायचे. प्रत्येक चकतीनंतर चाकू स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसायचा. दर रोपानंतर नव्हे, दर चकतीनंतर, नाहीतर सडलेल्या भागातला रस आपणच निरोगी भागाला लावतो. कापलेला पृष्ठभाग सगळा एकसारखा दुधी पांढरा दिसेपर्यंत थांबायचे नाही. मध्ये एखादा तपकिरी ठिपका किंवा फिकट तपकिरी कडे दिसले तर सड त्या नळीतून वर गेलेली असते, म्हणून आणखी एक चकती. 'आता फार उरले नाही, राहू दे' या मोहापायी ठेवलेला ठिपका आठ दिवसांत पुन्हा बुंधा खातो.

कापल्यावर पांढरा चीक वाहतो. तो विषारी आहे, त्यात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्ये असतात आणि आफ्रिकेत बाणांना लावायला याच झाडांचा रस वापरत. रबरी हातमोजे, डोळ्याला हात न लावणे आणि तुकडे शेळ्यांच्या वाटेत न टाकता खड्ड्यात पुरणे, एवढे पाळले गेले. चीक स्वच्छ पाण्याने धुऊन, काप टिपून त्यावर कॉपर ऑक्सिक्लोराइड या तांबेयुक्त बुरशीनाशकाची कोरडी पूड चोळली आणि रोपे पाण्याच्या मोटारीच्या खोलीत उलटी टांगली. सोबत एक टेबल फॅन, वीज असेल तेव्हा.

उन्हाळ्यात असा काप आठवड्यात सुकतो. जुलैच्या दमट हवेत १५ ते १८ दिवस लागले. तयार काप नखाला सुक्या कातड्यासारखा लागतो, ओल किंवा चिकटपणा अजिबात नसतो. टांगायला जागा कमी पडली म्हणून काही रोपे सहा-सात दिवसांतच कुंडीत गेली. त्याचा हिशेब पुढे आहे.

लाल रोपे. १२ मध्ये सड कलमाच्या जोडापर्यंत पोहोचली होती, ती सरळ खड्ड्यात. १९ रोपांचे शेंडे अजून टणक होते, त्यांच्यावरून ४० कलमकाड्या मिळाल्या. पाने काढून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काड्या सावलीत आठवडाभर सहज टिकतात. नानांकडे दहा महिन्यांची बीजरोपे होती, त्यांच्यावर पाचरकलमे बांधून वर छोटी प्लॅस्टिक पिशवी चढवली. जुलै ही या कलमाची वेळ नव्हे. पिशवीत वाफ साठते आणि जोडच कुजतो. फेब्रुवारी ते मे हा योग्य काळ. पण काड्या तशाही वायाच जाणार होत्या.

नवे मिश्रण. घमेल्याच्या मापाने चार भाग विटांचे तुकडे, दोन भाग अर्धवट जाळलेले भाताचे तूस, एक भाग धुतलेले कोकोपीट, एक भाग गांडूळखत. तूस नवापूरकडच्या भातगिरणीतून आणले, विटा भट्टीवरच्या फुटक्या. विटा फोडून दोन चाळण्या लावल्या : १० मिलिमीटरच्या चाळणीतून पडेल आणि ३ मिलिमीटरच्या चाळणीवर राहील तेवढाच माल घेतला. खाली पडलेली भुकटी मिश्रणात गेली तर सगळी मेहनत पाण्यात, कारण तीच फटी बुजवते. पाडकामाचा राडारोडा स्वस्त मिळत होता, तो जाणूनबुजून टाळला. प्लास्टर-सिमेंटमधल्या चुन्याने मिश्रणाचा सामू (पीएच) चढतो, लोह मिळेनासे होते आणि पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. आपल्या भागातले बोअरचे पाणी आधीच जड असते, त्यात ही भर नको. कोकोपीट धुतले तेही त्यातल्या क्षारांसाठीच.

चाचणी सोपी ठेवली. भरलेल्या ८ इंची कुंडीत एक लिटर पाणी एकदम ओतायचे. जुन्या मिश्रणावर पाणी चार मिनिटांहून जास्त तळे करून उभे राहिले. नव्यातून दहा सेकंदांत खाली आले. कुंडीच्या तळाशी खापऱ्यांचा थर देण्याची जुनी पद्धत मात्र सोडून दिली. बारीक मिश्रणातले पाणी खालच्या जाड थरात सहज उतरत नाही, ते त्याच्या वरच अडकते, म्हणजे ओला पट्टा उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर जाळीचा एक तुकडा पुरतो.

लावताना रोप काठीला बांधले, बुंधा फक्त एक इंच मिश्रणात, पहिले पाणी सात दिवसांनी. नवी मुळे फुटली की नाही हे उपटून पाहायचे नसते. शेंड्याला नवे पान आले आणि हलवल्यावर रोप जागेवर राहिले की समजायचे.

निकाल

पिवळ्या गटातल्या २२ कमी बिघडलेल्या रोपांपैकी २१ वाचली. कापलेल्या ३६ पैकी २५. मेलेल्या ११ पैकी ७ ही घाईने सहा-सात दिवसांत लावलेली होती, आणि सातही कापाच्या जागीच पुन्हा कुजली. ४० कलमांपैकी ११ लागली.

धक्का दिला तो हिरव्या गटाने. छताखाली, पाणी बंद असताना ऑगस्टमध्ये १४ रोपे सडली. जुने मिश्रण दमट हवेत तीन आठवडे वाळलेच नव्हते. बुंधे सुरकुतलेले दिसले म्हणून एका बाजूच्या रांगेला मजुराने पाणीही घातले होते. सुरकुती हे तहानेचे लक्षण आहे तसेच मुळे मेल्याचेही, आणि कुंडीचे वजन पाहिल्याशिवाय दोन्ही सारखीच दिसतात. १४ पैकी ६ कापून वाचवली.

एकूण २४० पैकी १८९ जगली, ५१ गेली आणि ११ नवी कलमे मिळाली.

याच काळात एक छोटा प्रयोग झाला. ऑगस्टच्या उघडिपीत हिरव्या गटातली १२ रोपे नव्या मिश्रणात लावून छताबाहेर, उघड्या पावसात ठेवली. नाना कायमचे पॉलिहाऊस उभारायच्या विचारात होते, त्यांना मुलाचा हा खटाटोप आवडला नव्हता. सप्टेंबरचा सगळा पाऊस त्या १२ कुंड्यांवर पडला. एकही सडले नाही. उलट पोळ्यानंतर त्यांना आलेली पाने छताखालच्या रोपांपेक्षा रुंद आणि गडद होती. पॉलिहाऊसचा खर्च टळला. ऑक्टोबरच्या उन्हात उरलेली सगळी हिरवी रोपे नव्या मिश्रणात गेली. दिवाळीच्या विक्रीला मात्र फुले फारशी नव्हती, तो हंगाम हुकलाच.

काय वेगळे करता आले असते

सगळ्यांत स्वस्त संधी फेब्रुवारीत होती. कुंड्या भरतानाच एक लिटर पाण्याची चाचणी घेतली असती तर पुढचे काहीच घडले नसते. २४० कुंड्यांना मिश्रण लागते साधारण ९५० लिटर, त्यातला निम्मा माल फुटक्या विटा. हे काम मेअखेर उरकता येते.

दुसरी संधी झडीच्या पहिल्या दिवशी. शेडनेटवर पॉलिथिन ओढायला दोन तास लागतात. ते सातव्या दिवशी ओढले गेले. शेडनेट ऊन अडवते, पाणी अडवत नाही आणि ढगाळ दिवसांत उरलासुरला प्रकाशही निम्मा करते. अडेनियमला खानदेशातही जूननंतर शेडनेटची गरज नसते. मे महिन्यात दुपारची थोडी सावली पुरे.

निरोगी १५१ रोपे न उपटण्याच्या निर्णयावर मतभेद राहतील. मजूर नव्हते, मिश्रण नव्हते, हे खरे. पण निदान प्रत्येक रांगेतल्या दोन-तीन कुंड्या उपटून मुळे पाहता आली असती. मुळे पांढरी-पिवळसर आहेत की तपकिरी, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात, आणि ज्या रांगेत बिघाड दिसला तेवढीच आधी हाताळता आली असती. चौदातली बरीच तेव्हाच सापडली असती असा अंदाज आहे.

सडीचे नमुने कुठे तपासले नाहीत. पहिले रोप कलंडले तेव्हाच कृषी विज्ञान केंद्र किंवा धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात एक बुंधा नेऊन विचारता आले असते. कार्बेन्डाझिमचे दोन दिवस वाचले असते. बुरशी की जिवाणू, एवढे कळले तरी औषधाची निवड बदलते. उग्र घाण वास आणि पाणचट लगदा जिवाणूकडे बोट दाखवतो, आणि तिथे बुरशीनाशकाचा उपयोग नाही.

थंडीचा प्रश्न या प्रकरणात उभा राहिला नाही, पण कुंड्या नव्या मिश्रणात गेल्या म्हणून तो संपत नाही. डिसेंबर-जानेवारीत खानदेशात रात्रीचा पारा १० अंशांखाली येतो, झाड पाने टाकून झोपते. तेव्हा खत बंद, पाणी पंधरा दिवसांतून एकदा आणि तेही दुपारी. पाने नाहीत म्हणून पाणी वाढवले तर जुलैचाच प्रकार जानेवारीत होतो. छाटणी फेब्रुवारीत, नेहमीचे पाणी आणि खत त्यानंतर.

कापलेल्या रोपांचे काय करायचे हा नानांपुढचा शेवटचा निर्णय होता. बुंधा खालून सपाट झाल्याने त्यांना खोल मूळ येत नाही. मुळे कडेने चहूबाजूंना फुटतात, आणि बोन्साय करणारे नेमका हाच आकार मिळवायला निरोगी रोपेही मुद्दाम कापतात. वाचलेली ३१ कापीव रोपे १० इंची उथळ ताटांत गेली. उथळ ताट खोल कुंडीपेक्षा जास्त वेळ ओले राहते, म्हणून त्यांच्या मिश्रणातले कोकोपीट काढून तेवढे विटांचे तुकडे वाढवले. प्रत्येक ताटाला 'बुंधा कापलेला, वर्षभर वर न उचलता मुळे धरू द्यावीत' अशी चिठ्ठी लावली आणि दर ठरवायचा तो पुढच्या आखाजीला, मुळे पाहून.